आक्काने बांधलेली अक्षरं

आमचं घर आणि आमचा छापखाना यांच्यामध्ये एक भिंत होती. त्या भिंतीला दार नव्हतं, नुसती चौकट होती, आणि चौकटीत मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडे चूल, पलीकडे आप्पांचं छपाईचं ट्रेडल मशीन. शहाद्याच्या स्टँडवरून एसटीची घोषणा ऐकू यायची, त्याच्यावर मशीनचा खटक-खटक असा ठेका, आणि त्या ठेक्यात माय भाकरी थापायची. मशीन थांबलं की तिचे हातही थांबायचे, आणि ती पडदा सारून विचारायची, "काय व्हयनं?" शाईचा, घासलेटचा आणि लसणाच्या फोडणीचा वास आमच्या घरात एकच होऊन राहिला होता. तालुक्यातल्या कितीतरी लग्नपत्रिकांना त्या काळी आमच्या भरताचा वास आला असेल. कोणी कधी तक्रार केली नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नपत्रिकांचे छपाईवाले म्हणून ओळखले जायचे. लग्नसराई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास तापायची. तेव्हा घरात बसायला जागा उरायची नाही, जिथे तिथे वाळत घातलेल्या पत्रिका. आमच्याकडे छापलेल्या प्रत्येक लग्नाच्या गठ्ठ्यातली पहिली पत्रिका आप्पा स्वतः काढायचे, तिच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. गिऱ्हाइकंही त्यासाठी थांबायची. लोक म्हणायचे, आप्पाच्या हातची पत्रिका लागते. लागते म्हणजे संसार नीट होतो. आप्पांचा स्वतःचा त्यावर किती विश्वास होता ते मला आजही माहीत नाही. पण दुकान त्यावर उभं होतं, एवढं खरं.

रत्नाआक्का माझी मोठी बहीण. तिच्या लग्नाची पत्रिका आप्पांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून केली होती, सोनेरी शाईत. तशी पत्रिका त्यांनी त्याआधी कुणाची केली नव्हती, त्यानंतरही केली नाही. लग्नानंतर फार दिवस गेले नाहीत, आणि मेहुणे काविळीने गेले. आक्का परत आली ती एक लोखंडी पेटी घेऊन. पेटी आधी मधल्या खोलीत ठेवली. मग लग्नसराई आली, कागदाची रिमं आली, तशी ती मागच्या खोलीत गेली. मग मागच्या खोलीत पापड-बिबड्यांचे डबे आले आणि पेटी त्यांच्या मागे गेली. आक्काला कपडे काढायचे असले की आधी डबे बाजूला करावे लागायचे. नंतर ती ते पुन्हा होते तसे लावून ठेवायची. त्या वर्षी आखाजीला गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला होता, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या, आणि आक्का खापरावरच्या मांड्यांना लागणारं पुरण वाटत मागच्या खोलीत बसली होती. माय तिला म्हणाली, "जाय ना वं, घडीभर." आक्का म्हणाली, "पुरण कोन वाटी मंग?"

पण आक्काला नुसतं बसून राहता येत नव्हतं. ती बी.एस्सी. झालेली होती, शहाद्याच्याच कॉलेजात. काही महिन्यांनी ती आपणहून छापखान्यात यायला लागली. आप्पांनी तिला नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त एक वाटणी केली. लग्नाच्या, साखरपुड्याच्या, वास्तुशांतीच्या पत्रिकांना तिने हात लावायचा नाही. उत्तरकार्याच्या, गंधमुक्तीच्या पत्रिका तिने करायच्या. काळ्या शाईतलं सगळं तिचं, लाल-पिवळ्या शाईतलं आमचं. हे त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं नाही. एक दिवस गंधमुक्तीचा मजकूर आला, तो त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला, एवढंच. तिने तो वाचला, खाली मान घातली आणि खिळे जुळवायला घेतले. आता मी हे लिहितो तेव्हा मला वाटतं की आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच झाले. कोणी काही बोललं नाही, वस्तू फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्या.

मी जळगावला डिप्लोमा करून परत आलो तेव्हा छापखान्यात कॉम्प्युटर आला होता. कुणीतरी विकलेला जुना, पिवळा पडलेला. त्यात बसवलेली प्रणाली चोरीची होती, तिच्यात व्हायरस शिरला आणि ऐन लग्नसराईत आमचा सगळा मजकूर गेला. मी जळगावहून मित्राकडून लिनक्सच्या सीड्या आणल्या होत्या. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक मोफत प्रणाली. तिच्यात व्हायरसची भीती नव्हती, आणि कुणाचं काही चोरावं लागत नव्हतं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात ती आमच्या मशीनवर बसवली. प्रत्येकाला आपापलं खातं करून दिलं, आपापला पासवर्ड. आप्पांनीही एक खातं घेतलं आणि ते कधी उघडलं नाही. फक्त एक अडचण होती. त्या काळी लिनक्सवर मराठी अक्षरं नीट उमटत नसत. जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. 'शहाद्याचे' असं लिहिलं की द आणि य हात सोडून वेगळे उभे राहायचे. आप्पा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून म्हणायचे, "हाऊ डबा दिनभर घूंघूं करस, आनि अक्षर काढस ते लंगडं."

ते लंगडं अक्षर आक्काने मनावर घेतलं. पानं जुळवायचा एक चांगला प्रोग्रॅम होता, त्याची नवी आवृत्ती मराठी अक्षरं बरोबर दाखवते असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण ती आमच्या सीड्यांत तयार नव्हती. तिचा नुसता मूळ कोड मिळत होता, तो आपल्या मशीनवर आपणच कंपाईल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचा. आक्का त्याला 'बांधणं' म्हणायची, आणि मग आमच्या घरात तोच शब्द झाला. स्टँडसमोरच्या नेट कॅफेतून मी तो कोड फ्लॉपींवर तुकड्या-तुकड्यांनी आणला. एक फ्लॉपी खराब निघायची, पुन्हा जायचं. बांधायला घेतला की तो अर्ध्यावर थांबायचा, अमकी लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा दुसरा एक जोडप्रोग्रॅम, नाही म्हणायचा. ती आणायची, तर तिला दुसरी पाहिजे. मी दोन-तीन दिवसांत कंटाळलो. आक्का कंटाळली नाही. कॉम्प्युटर बांधत असायचा तेव्हा त्याच्या पडद्यावर ओळींमागून ओळी वर सरकत जायच्या आणि ती समोर बसून शेंगा फोडायची. ओळी थांबल्या की शेंगा ठेवून द्यायची. मायने तिला एकदा विचारलं, "काय देखस वं त्याना मझार?" तर म्हणाली, "माय, स्वयंपाक चालना शे. उतू जायी म्हनीसन बठेल शे."

बांधलेलं सॉफ्टवेअर ठेवायचं कुठे, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात आला. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लिनक्सवर अशा हाताने बांधलेल्या गोष्टीला ढोबळमानाने तीन जागा असतात. एक म्हणजे प्रणालीची स्वतःची जागा, जिथे तिने आणलेलं सामान असतं. तिथे आपलं काही घुसवू नये, कारण प्रणाली नवी होते तेव्हा ती आपलं सामान पसरते आणि आपण ठेवलेलं पुसून टाकते. ही चूक मी आधी एकदा करून बसलो होतो, तेव्हापासून आक्का मला 'इंजिनेर साहेब, इचारीसन टाका' असं चिडवायची. दुसरी जागा यूएसआर लोकल नावाची. ती मुद्दाम राखून ठेवलेली असते, त्या मशीनवर हाताने बांधलेल्या गोष्टींसाठी. प्रणाली तिला हात लावत नाही आणि मशीन वापरणारा कुणीही, कोणत्याही खात्यातून, तिथलं वापरू शकतो. तिसरी जागा म्हणजे आपल्या स्वतःच्या खात्यातला फोल्डर. तिथे ठेवलेलं आपल्यापुरतं. दुसऱ्याला ते दिसतही नाही. आणि यातली कोणती जागा, ते बांधायला घेण्याच्या आधीच सांगावं लागतं. मागाहून बदलायचं तर पुन्हा पहिल्यापासून बांधायचं.

कोडबरोबर एक माहितीची फाईल येते. आक्काने ती छापून काढली होती आणि चुलीपाशी बसून मला वाचून दाखवत होती. उन्हाळ्याचे दिवस, माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती, खलबत्त्यात ठेचा होता. आक्का इंग्रजी ओळ वाचायची आणि तिचं आमच्या बोलीत करायची, मायलाही कळावं म्हणून. "देख बापू, आठे काय लिखेल शे. जागा सांगनी व्हयी ते सांगा. काहीच लिखं नही ते सगळासना करता जास." माझ्याकडे बघून हसली. "बरं शे ना? काही लिखानंच काम नही. आपोआप सगळासना करता." माय म्हणाली, "मंग तसंच कर वं बाई. लिखानं काम वाची." आणि आक्काच्या ताटात तिने भाकरीचा पापुद्रा उकलून वर तेल घातलं.

तसंच केलं. काही न लिहिता, म्हणजे सगळ्यांच्या जागेसाठी, बांधायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कुठेही न अडता पूर्ण झालं. आक्काने अजून ते जागेवर बसवलं नव्हतं, जिथे बांधलं तिथूनच चालवून बघत होती. तिने पहिला शब्द लिहिला तो आपल्या गावाचा. शहादा, शहाद्याचे, शहाद्यात. द आणि य एकमेकांना धरून उभे. आक्काने पदराने कॉम्प्युटरचा पडदा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग टेबलावर पडलेला एका लग्नाचा मजकूर घेतला, नमुना म्हणून, आणि तो जुळवायला लागली. मी शेजारी उभा होतो. तिला म्हणायला पाहिजे होतं की लग्नाचा नको घेऊस. पण अक्षरं इतकी सुंदर पडत होती की ते माझ्या लक्षातच आलं नाही. तिच्याही आलं नसावं. तेवढा वेळ ती वाटणी विसरली होती, आणि मला वाटतं, परत आल्यापासून ती पहिल्यांदाच काही विसरली होती.

तो मजकूर ज्यांच्या मुलीचा होता ते भिकनदादा त्याच वेळी दुकानात आले. तापीकाठच्या प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या खेड्यातले, आप्पांचे जुने स्नेही, केळीवाले. गल्ल्यावर आप्पांशी हसत-बोलत उभे राहिले. मग त्यांची नजर आत कॉम्प्युटरच्या पडद्याकडे गेली. "वाह रे आप्पा! अक्षर ते मोती शेतस!" म्हणत ते आत आले. तेव्हा त्यांना खुर्चीत बसलेली आक्का दिसली. तिचं मोकळं कपाळ दिसलं. ते दोन पावलं मागे सरले. आक्का उठून उभी राहिली. तिने 'बठा ना, दादा' असं म्हटलं. ते बसले नाहीत. बाहेर जाऊन हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं, आप्पांना म्हणाले, "आप्पा, तू मन्हा भाऊ शे. पन मन्ही पोरना लगीनना कागद शे हाऊ. मी धुळ्याले छापी लेस. राग नको धरू." आप्पा म्हणाले, "नही दादा, हाऊ ते बाकीना काम शे. तुमनी पत्रिका मी करसू, मन्हा हाते." भिकनदादांनी पुन्हा एकदा आतल्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "तूच कर मंग. आनि ते यंत्रवरनं नको." ते गेल्यावर आप्पांनी ट्रेडल मशीन चालू केलं. छापायला काही नव्हतं. तसंच, रिकामं, खटक-खटक चालवत राहिले. माय पडद्याआडून बाहेर आली नाही.

संध्याकाळी आप्पांनी मला गल्ल्यापाशी बोलावलं. त्यांचा आवाज खाली होता. "बापू, ते तिनी बांधेल शे, ते लगीनना कामले नको. लोके इचारतीन. तिना पुरतं तिले ऱ्हाऊ दे. तू सांग तिले. माले सांगता येत नही." मी हो म्हटलं. मला राग आला होता, भिकनदादांचा, आप्पांचा, सगळ्यांचा. पण मी हो म्हटलं. आणि मग मी जे केलं ते आप्पांनीही मला सांगितलं नव्हतं. मी तिला खरं कारण सांगितलं असतं, तर ती रडली असती किंवा भांडली असती, आणि कदाचित मीही तिच्या बाजूने दोन शब्द बोललो असतो. मी तिच्याजवळ गेलो, ती बांधलेलं जागेवर बसवायच्या तयारीत होती, आणि मी इंजिनेर साहेबांच्या आवाजात म्हणालो, "आक्का, एक राहिलंच. हाताने बांधलेलं सगळ्यांच्या जागी टाकायचं नसतं. सिस्टिम बिघडते. स्वतःच्या खात्यातच ठेवायचं असतं. तसा नियम आहे."

आक्काने माझ्याकडे बघितलं. चुलीपाशी वाचलेली ती फाईल तिच्या उजव्या हाताशीच पडली होती. मला ती दिसत होती. मला वाटलं, आता ती उचलून दाखवेल. तिने उचलली नाही. "नियम शे का?" म्हणाली. मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "बरं." बांधलेलं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून घेतलं, आणि या वेळी सुरुवातीलाच तिने आपल्या खात्याचा पत्ता, एक-एक अक्षर टिपत, लिहिला. मग शेंगांचं सूप मांडीवर घेऊन पुन्हा समोर बसली. आत आलो तर मायने विचारलं, "काय सांगं तिले तू?" मी म्हणालो, "काही नही. कॉम्प्युटरना नियम शे." मायने माझं ताट वाढलं. त्या दिवशी डुबुक वड्या होत्या, माझ्या आवडीच्या, आणि मी जेवलो. पोटभर जेवलो. ते मला विसरता येत नाही.

त्यानंतर आमच्या छापखान्यात दोन तऱ्हेची अक्षरं झाली. गंधमुक्तीच्या पत्रिका आक्काच्या खात्यातून निघायच्या, स्वच्छ, एकही जोडाक्षर न फुटलेलं. लग्नाच्या मी माझ्या खात्यातून काढायचो, फुटलेली अक्षरं हाताने चिकटवत, वेलांट्या ओढून आणत. लोक हसून म्हणायचे, आप्पा, तुमच्याकडे मरणाऱ्याची पत्रिका जास्त चांगली. आप्पा हसायचे नाहीत.

पुढच्या आखाजीच्या आधी आक्काचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागला. प्रकाशाचे एक विधुर होते, देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान, घरी लहान मुलगी. माणूस भला होता. आक्काला विचारलं तेव्हा तिने बायकांत बसून फक्त एवढंच विचारलं म्हणे, की त्यांच्या घरी आपली पेटी ठेवायला जागा आहे का. सगळ्या हसल्या. पाटाला पत्रिका नसते. छापखान्याच्या मुलीचं लग्न लागलं आणि मशीन बंद होतं. जाताना तिने तो कोड एका सीडीवर माझ्याकडून मागून घेतला. पेटीत अगदी वर ठेवला.

ती सासरी गेली त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरची साफसफाई करायला बसलो. जागा कमी पडत होती. आता खातं लागणार नाही म्हणून मी तिचं खातं काढून टाकलं. खातं काढताना त्याच्याबरोबर त्याचा फोल्डरही पुसायचा असं सांगता येतं, मी तसं सांगितलं. तिने जे बांधलं होतं ते त्या फोल्डरात होतं. यूएसआर लोकलमध्ये असतं तर राहिलं असतं. खाती येतात, जातात, तिथलं तिथेच राहतं, त्यासाठीच तर ती जागा असते. हे मला तेव्हा सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी हात थांबला असता का, याची मी आज ग्वाही देत नाही. पुढची गंधमुक्तीची पत्रिका माझ्याकडे आली आणि फुटक्या अक्षरांत निघाली. आप्पांनी ती उजेडाकडे धरली. "रत्नाना अक्षरं कोठे गयात रे?" मी सांगितलं. त्यांनी पत्रिका खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसत बसले.

भाऊबीजेला प्रकाशाला गेलो तेव्हा आक्काने ओवाळता ओवाळता विचारलं, "बापू, मन्हं खातं शे का अजून?" मी म्हणालो, "शे ना." ताटातला दिवा तिने नीट केला. पुन्हा कधी विचारलं नाही.

प्रकाशा शहाद्यापासून किती लांब आहे? वाटेत वडापची जीप मिळाली तर चहा थंड व्हायच्या आत पोचतो माणूस. एवढ्या जवळ होती ती, आणि मी वर्षातून एखाद्या वेळी जायचो. नंतर मी नाशिकला आलो, सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत. आज माझं घर याच कामावर चालतं. नवीन आलेली मुलं मला विचारतात, सर, हे हाताने बिल्ड केलंय, कुठे टाकू? मी त्यांना तिन्ही जागा समजावून सांगतो, अगदी बरोबर सांगतो. एकदा एक मुलगी म्हणाली, सर, तुम्ही हे सांगताना नेहमी इतके हळू का बोलता? मधल्या वर्षांत आप्पा गेले तेव्हा तापीवर सगळं झालं, त्यांच्या गंधमुक्तीची पत्रिका आक्काने केली, तिच्या प्रकाशाच्या घरी, तिथल्या कॉम्प्युटरवर पुन्हा बांधलेल्या अक्षरांत. काळ्या शाईत, एकही अक्षर न फुटलेली. घरातल्या माणसाची तिच्या हातची तीच एक पत्रिका मायने देवाच्या फळीवर ठेवली होती. मायही पुढे गेली.

या उन्हाळ्यात आक्का गेली. आजार फार दिवसांचा नव्हता, आणि मला कळवू नका असं तिनेच सांगितलं होतं, बापूला सुट्टी मिळत नाही म्हणून. मी पोचलो तेव्हा तापीकाठी सगळं होऊन गेलं होतं. तिच्या यजमानांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. संध्याकाळी हेतल, म्हणजे पाटाच्या वेळी लहान होती ती मुलगी, आता स्वतः दोन मुलांची आई, मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे एक जुना कॉम्प्युटर होता, त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड. शेजारी आक्काची पेटी. पेटीपुढे काहीही ठेवलेलं नव्हतं.

"मामा, आईची पत्रिका आईच्याच अक्षरांत करायची म्हणतात पप्पा," हेतल म्हणाली. "पण तिच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आमचे हे म्हणतात फॉरमॅट करून टाका, जुनाट डबा आहे. मी म्हटलं, मामांना विचारल्याशिवाय हात नाही लावायचा."

मी विचारलं, "तुझं खातं नाही का यावर?"

"आहे ना. सगळ्यांचं आहे. आईनेच करून दिलं. पण ते अक्षरांचं फक्त तिच्या खात्यात. आम्हाला काही करायचं असलं की ती यायची, पासवर्ड टाकायची आणि खुर्ची आमच्यासाठी सोडून उभी राहायची. माझ्या लग्नाची पत्रिका मी अशीच केली, ती माझ्यामागे उभी राहून सांगत होती. मी कितीदा म्हटलं, आई, सगळ्यांसाठी टाक ना. तर म्हणायची, नाही गं, आमच्या बापूने शिकवलंय. हाताने बांधलेलं सगळ्यांच्या जागी टाकायचं नसतं. नियम आहे."

मी खुर्चीत बसलो. हेतलला वाटलं मी कामाला लागलो.

कॉम्प्युटरचा मालक म्हणून आत शिरायच्या वाटा असतात, त्या मला येतात. आक्काचा फोल्डर उघडला. बांधलेलं तिथे होतं, आणि शेजारी तिने जपून ठेवलेला मूळ कोड. अक्षरं आपोआप अशी खात्याच्या फोल्डरात येऊन पडत नाहीत. त्यासाठी प्रत्येक वेळी, बांधायच्या आधी, आपल्या खात्याचा पत्ता मुद्दाम लिहावा लागतो. काही लिहिलं नाही तर ते सगळ्यांसाठी जातं, हे तिने माझ्या आधी वाचलं होतं, चुलीपाशी, मायला समजावून सांगत. तिला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं, आणि मी काय म्हणतोय तेही तिला कळलं होतं. तिने माझं खोटं उघडं पडू दिलं नाही. नंतर या घरात, जिथे तिला कुणी अडवणारं नव्हतं, तिथेही नाही. आपल्या भावाने सांगितलं ते चुकीचं होतं, हे ती आपल्या मुलीलाही कळू देणार नव्हती.

मी तिच्या खात्यातलं काही हलवलं नाही. पासवर्डही बदलला नाही. कोडची एक प्रत बाहेर घेतली आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. ओळी सरकायला लागल्या. बाहेर देवळात आरती चालू होती, स्वयंपाकघरात सुतकाचं, बिनफोडणीचं वरण शिजत होतं. हेतल शेजारी स्टुलावर बसली होती, पदर तोंडाला लावून. तिने आईला हे करताना पाहिलेलं होतं, म्हणून तिच्या लक्षात आलं.

"मामा, कुठे टाकायचं ते लिहायचं राहिलं ना तुमचं? आई आधी लिहायची."

"नही वं बेटा," मी म्हणालो. तिच्याशी मी कधी आमच्या बोलीत बोललो नव्हतो. "ते मी तिले चुकीचं सांगेल व्हतं. काहीच लिखं नही ते सगळासना करता जास."

हेतल माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती विचारेल, मग चुकीचं का सांगितलंत? मी सांगणार होतो. पण तिने विचारलं नाही. त्या बाबतीत ती आक्काचीच मुलगी निघाली. बांधून झालं, तेव्हा तिने स्वतःच्या खात्यातून ते उघडलं आणि मजकूर जुळवला. प्रूफ वाचायला माझ्या हातात दिलं. मी ते उजेडाकडे धरलं. वरच्या ओळीत आक्काचं पूर्ण नाव होतं, खाली प्रकाशा, त्याखाली माहेर म्हणून शहादा. त्या शब्दात द आणि य एकत्र नव्हते, फुटण्यासारखं काही नव्हतंच. तरी मी ते परत परत वाचत राहिलो.